येसबाच्या वहीतली काळी मोटार

डोणेवाडीत एक भोळा घरजावई राहायचा. त्याचं नाव येसबा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा एका पाहुण्यानं त्याला एसटी स्टँडवर सांगितलं, "जरा थांबा, आलोच." पाहुणा तिथनं परस्पर आपल्या गावाला गेला. येसबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच उभा होता. बायकोनं हाताला धरून आणला, तेव्हा म्हणाला, "तो आला आणि मी नसलो तर?"

त्याची बायको हौसा मात्र चलाख. ती चुलीपुढं कमी आणि मोटारीखाली जास्त असायची. तिच्या बापाचं गॅरेज होतं. कुठंतरी झाडाखाली सडत पडलेल्या जुन्या मोटारी तो विकत घ्यायचा आणि पुन्हा नव्यासारख्या करायचा. लेकीला त्यानं सगळं शिकवलं. पण बाप गेला आणि चुलता उभा राहिला. जागा चुलत्याच्या नावावर होती. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. वीस वर्षं सरपंच होता, त्यामुळं साधं पाणी मागायचं झालं तरी भाषण करायचा.

अण्णा म्हणाले, "हौसे, बायामाणसाच्या हातनं कुठं मोटारी चालू होत्यात व्हय? गॅरेजच्या शेडमध्ये मी सिमेंट ठेवणार."

हौसा म्हणाली, "होत्यात का न्हाई ते बघा तरी."

"बरं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एक मेलेली मोटार जिवंत कर. मी मागं बसणार. गॅरेजपासनं मारुतीच्या देवळापर्यंत न्यायची. कुणी ढकलायची न्हाई, मधी थांबायची न्हाई. जमलं तर शेड तुझं. न्हाई जमलं तर कुलूप."

झालं. बापाचं शेड एका मोटारीवर येऊन थांबलं.

शेजारच्या गावात पिराजीदादांची भाताची गिरणी होती. गिरणीमागं चिंचेखाली एक काळी, गोल पाठीची मोटार तीस वर्षं उभी होती. हौसाचे हात एका पंपात अडकलेले, म्हणून तिनं येसबाला पाठवलं. "नुसती बघून या. नीट बघा."

येसबानं नीट बघितली. काचा नव्हत्या. पत्रा गंजलेला. मागच्या सीटवर एक तांबडी कोंबडी पाच अंड्यांवर बसलेली. सीटपुढं तळाला टोपलीएवढं भोक, आणि त्या भोकावर एक पोतं टाकलेलं. येसबाला भरून आलं. तो पिराजीदादांना म्हणाला, "वा वा वा! असली मोटार मी उभ्या जन्मात बघितली न्हाई. आमची हौसा हिच्यासाठी जीव टाकंल!"

पिराजीदादा तोवर ती मोटार कुणी फुकट नेली तरी सुटलो म्हणणारे. त्यांनी मिशीवरनं हात फिरवला आणि नव्या मोटारीचा भाव सांगितला.

हौसानं कपाळाला हात लावला. "आवो, वस्तू आवडली तरी तोंडावर दाखवायचं न्हाई! नाक मुरडायचं. खोडी काढायच्या. दिवे बारीक हाईत म्हणायचं. आवाज लई हाय म्हणायचं. खाली वाकून बघायचं आणि गळतंय म्हणायचं."

"आलं ध्यानात," येसबा म्हणाला.

आणि एकदा ध्यानात आलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या खेपेला पिराजीदादांच्या घरी नातवाचं बारसं होतं. पाहुणा दिसला म्हणून बायकांनी कौतुकानं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. येसबानं आधी नाक मुरडलं. मग बाळाच्या डोळ्यांत बघितलं. "दिवे बारीक हाईत," तो म्हणाला.

बाळानं भोकाड पसरलं.

"आवाज लई हाय."

मग त्यानं बाळाला वर उचललं, खाली वाकला आणि नीट बघितलं. "आणि हे बघा, खालनं गळतंय."

पिराजीदादांची म्हातारी आई लाटणं घेऊन त्याच्या मागं लागली. गुडघे दुखतात म्हणून ती देवळातसुद्धा जात नसे, पण त्या दिवशी वेशीपर्यंत धावली.

"आवो, काय म्हणावं तुम्हाला!" हौसा म्हणाली. "लोकांच्या घरी काय बी दिसलं तरी तोंडभरून कौतुक करावं. 'असंच वाढू दे, देव तुम्हाला दुप्पट देवो' म्हणावं."

"आलं ध्यानात."

तिसऱ्या खेपेला पिराजीदादांची दाढ सुजलेली. गाल पेरूएवढा झालेला. डोक्याला टॉवेल बांधून ते ओट्यावर कण्हत बसले होते. येसबा समोर उभा राहिला आणि तोंडभरून हसला. "वा दादा! काय गाल हाय! असाच वाढू दे. देव तुम्हाला दुसऱ्या बाजूला पण देवो."

पिराजीदादांना तोंड उघडता येईना, म्हणून शिव्या देता येईनात. त्यांनी हातातला तांब्या फेकून मारला. तांब्या बसला, आणि येसबा घरी आला.

हौसा टेंगळावर हळद लावत म्हणाली, "आता एक करा. बोलूच नका. कुणी काय बी विचारू दे, नुसती मान हलवायची."

"आलं ध्यानात," येसबा म्हणणार होता. पण त्यानं नुसती मान हलवली.

चौथ्या खेपेला तो लांबून येताना दिसला तशी म्हातारी बाळाला घेऊन आत पळाली. पिराजीदादा गालावर हात ठेवून मागं सरकले. "मोटारीसाठीच आलास न्हवं?"

येसबानं मान हलवली.

"भाव जास्त वाटतोय?"

मान हलली.

"निम्मा करू?"

मान हलली.

"आणखी कमी?" पिराजीदादांना घाम फुटला. हा गडी काही बोलेना, हसेना, जाईना. "का रे बाबा, मोटार दिली तर तू पुन्हा आमच्या दारात यायचा न्हाईस ना?"

येसबानं जोरात मान हलवली.

"मग ने! फुकट ने! हे कागद घे. ओढायला ट्रॅक्टर पण माझाच घे. आणि ती कोंबडी बी घेऊन जा, तिच्यावर आता तुझी नजर पडलीया."

त्या दिवशी हौसा इतकी खूश झाली, की तिनं ग्रीस लागलेल्या हातानं नवऱ्याच्या गालाला हात लावला. येसबानं दोन दिवस तो गाल धुतला नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मोटार सोडवायला घेतली. अर्धा भाग अंगणात मांडून ठेवला आणि ब्रेकचं सामान आणायला ती कोल्हापूरला गेली. तेवढ्यात दारात भंगारवाला आला. "काका, हे सगळं भंगार द्यायचंय काय?"

येसबानं मान हलवली.

"बदल्यात बादली चालंल?"

येसबानं मान हलवली.

हौसा संध्याकाळी परत आली तर अंगण लख्ख झाडलेलं, आणि मधोमध एक लाल प्लास्टिकची बादली. ती तशीच उलट्या पावली धावली. नदीच्या पुलावर तिनं भंगारवाल्याचा गाडा गाठला, बादली त्याच्या अंगावर फेकली आणि सगळं सामान परत आणलं. मग ती अंगणात बसून रडायला लागली. येसबानं तिला बापाच्या मरणानंतर रडताना पहिल्यांदाच बघितलं.

"ह्या मोटारीवर माझं शेड हाय," ती म्हणाली. "बाबांचं शेड. कळतंय का तुम्हाला?"

येसबापण रडायला लागला. "मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करतो."

हौसानं डोळे पुसले आणि त्याच्या हातात एक शंभर पानी वही दिली. "ह्या मोटारीत जे जे होतं ते ते वहीत लिवायचं. कुठं होतं ते बी लिवायचं. आणि जे बाहेर निघंल ते शेवटी परत जागच्या जागी गेलं पायजे. एक वस्तू जरी कमी पडली, तर मोटार चालायची न्हाई."

"आलं ध्यानात," येसबा म्हणाला. इतका मनापासून तो आयुष्यात कधी म्हणाला नव्हता.

मग चार महिने दोघांनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. हौसा इंजिनात शिरायची आणि येसबा लिहायचा. डावा दिवा, डावीकडं. दाराची कडी, मोठी. बोल्ट, अकरा नंबर, सहा. हौसा रोज वही बघायची आणि म्हणायची, "झ्याक लिवलंय." खरंच झकास लिहिलेलं होतं. एक वॉशर इकडचा तिकडं झाला नाही. फक्त पहिलं पान तेलानं पुठ्ठ्याला चिकटलं होतं, आणि ते तिनं कधी उघडलं नाही.

पाडव्याचा दिवस उजाडला. मोटार काळीभोर चमकत होती. सकाळीच हौसानं एकदा चालू करून बघितली. इंजिन असं चाललं, की हौसानं डोळे मिटले आणि बापाचं नाव घेतलं. मग नवं लुगडं नेसून ती अण्णांना बोलवायला गेली. जाताना म्हणाली, "वही शेवटची एकदा बघून घ्या हं."

येसबानं वही अगदी पहिल्यापासनं बघायला घेतली. पहिलं पान नखानं सोडवलं. त्यावर लिहिलं होतं:

'कोंबडी, तांबडी, एक. मागची सीट.
अंडी, पाच. कोंबडीखाली.
पोतं, एक. सीटपुढं.
भोक, एक. टोपलीएवढं. पोत्याखाली.'

येसबा एकेक ताडून बघायला लागला. कोंबडी होती, तिला त्यानं चार महिने दाणे घालून जपली होती. अंड्यांची पिल्लं होऊन ती मोठी झाली होती, पण आकडा पाचच होता. पोतं खुंटीला होतं. पण भोक? भोकावर हौसानं पत्रा मारून टाकला होता! बिचारीच्या लक्षात राहिलं नसेल. एवढे चार महिने राबली, आणि आता एका भोकापायी तिचं शेड जाणार.

येसबा कासावीस झाला. त्यानं छिन्नी आणि हातोडा घेतला. मापाला टोपली आणली. अगदी गोल, अगदी टोपलीएवढं भोक त्यानं पाडलं. कडा कानशीनं घासल्या, कारण काम नीट झालं पाहिजे. त्यावर पोतं अंथरलं. कोंबडी सीटवर ठेवली आणि पिल्लं तिच्या भोवती ठेवली. मग वहीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि घाम पुसला.

अण्णा आले. पांढरंशुभ्र धोतर, तुरेदार फेटा, करकरणारी पायताणं. मागं सगळा गाव. अण्णांनी दार उघडलं. "ही कोंबडी कशाला?"

"वहीत हाय," येसबा म्हणाला.

हौसानं एकदा नवऱ्याकडं बघितलं. पण वेळ घालवायची सोय नव्हती. तिनं कोंबडी बाजूला सारली. अण्णा ऐसपैस बसले. येसबा पुढं बसला. हौसानं चावी फिरवली. मोटार पहिल्याच दमात चालू झाली, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

मोटार निघाली तशी अण्णांनी रुबाबात दोन्ही पाय पोत्यावर ठेवले आणि जरा पुढं सरकले.

पोतं गेलं. पोत्याबरोबर अण्णांचे पाय गेले.

"थांबव!" अण्णा ओरडले. "हौसे, थांबव!"

हौसाची नजर रस्त्यावर. तिला वाटलं, म्हातारा डाव टाकतोय. "आता थांबायची न्हाई अण्णा! मधी थांबली की हरलीस, असं तुम्हीच म्हणालाय!" आणि तिनं दुसरा गिअर टाकला.

अण्णा काय करणार? अण्णा पळायला लागले. वरनं फेटा, मिशा आणि छाती मोटारीत बसलेली. खालनं दोन पाय रस्त्यावर पळतायत. कोंबडी फेट्यावर चढलेली. पाचही पिल्लं खिडकीत. चौकातला न्हावी हातातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "मोटारीला पाय कधी फुटले?"

एक पायताण चावडीपुढं पडलं, दुसरं पाण्याच्या टाकीपाशी.

मोटार थेट मारुतीच्या दारात थांबली. लोक धापा टाकत मागनं आले. एकजण म्हणाला, "अण्णा, तुम्ही पळत आलाय व्हय?"

दुसरा म्हणाला, "पळत न्हवं, आतनं ढकलत आल्यात! मग हौसा हरली की!"

हौसानं मागं वळून बघितलं, आणि तिला सगळं समजलं. आता अण्णा नुसतं 'हो' म्हणाले, की शेड गेलं.

पण अण्णा म्हणजे वीस वर्षांचा सरपंच. मोटारीच्या तळातनं पाय काढून भर बाजारपेठेतनं कुत्र्यासारखा पळालो, असं तो गावापुढं कबूल करील? अण्णांनी फेट्यावरची कोंबडी झटकली. "कोण म्हणतंय पळत आलो? बसून आलो! आरामात!"

"मग पायताणं?"

"उकडत होतं म्हणून काढली!" अण्णांनी बंडीतनं शेडची किल्ली काढली आणि पुढं हात करून हौसाच्या हातावर ठेवली. "मोटार पास. शेड तुझं. सगळ्या गावादेखत सांगतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता आधी मला ह्यातनं बाहेर काढा."

येसबानं आणि पुजाऱ्यानं काखेत हात घालून अण्णांना वर ओढून काढलं आणि पारावर बसवलं. हौसा किल्ली छातीशी धरून मारुतीपुढं नारळ फोडायला गेली. नारळ फोडता फोडता ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

खोबऱ्याचा प्रसाद घेऊन ती बाहेर येते तो काय! येसबानं अण्णांना काखेत धरून उचललेलं. अण्णा हवेत लाथा झाडतायत. आणि येसबा त्यांना हळूहळू, फार जपून, परत त्या भोकात सोडतोय.

"आवो, हे काय करताय?" हौसा किंचाळली.

"तूच सांगितलंस की," येसबा म्हणाला. "जे बाहेर निघंल ते परत जागच्या जागी. लिवून घेतलंय. 'अण्णा, एक. भोकातनं काढले.' जरा अंग ढिलं सोडा अण्णा, डावा पाय आधी."

"हौसे!" अण्णांचा पारा चढला. "किल्ली परत दे! आत्ताच्या आत्ता परत दे!"

हौसानं किल्ली मुठीत घट्ट धरली.

येसबानं अण्णांना एका हातानं काखेत धरलं. दुसऱ्या हातानं वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवून त्यानं सगळी यादी वाचली. कसलीही घाई केली नाही. मग वही मिटली.

"किल्ली वहीत न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "ती परत करता यायची न्हाई."

आणि त्यानं अण्णांचा उजवा पाय भोकात घातला.