मंथला जुळणारा शब्द

‘…आणि मंथला काय जुळतं, वस्ताद?’

हा प्रश्न नागनाथ मास्तरांनी विचारला. म्हणून सगळा दोष मास्तरांचा. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आमच्या गावात शेवटी सगळं माझ्या अर्धवट सोडलेल्या इंजिनिअरिंगवर येऊन थांबतं.

भैरोबाच्या यात्रेत दोन फड उभे राहतात. आमचा तुऱ्याचा, मास्तरांचा कलगीचा. आमच्या डफावर तुरा, त्यांच्या डफावर कलगी. एका फडानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊन जवाब द्यायचा. जो हरला त्यानं आपल्या हातानं डफावरची खूण सोडायची आणि समोरच्याच्या डफावर ठेवायची. पुन्हा भैरोबाच्या पारावर उभं राहायचं नाही.

आमच्या वस्तादांच्या, बाबजींच्या डफावरचा तुरा त्यांच्या आज्यापासूनचा.

मास्तर कागद बघून म्हणाले, ‘इंग्रजी शब्द आहे, मंथ. खुद्द इंग्रजांच्या भाषेत त्याला जुळणारा शब्द नाही. चार ओळी हव्यात. एकीच्या शेवटी मंथ, बाकी तिन्हींच्या शेवटी त्याला जुळणारे. उद्या दुपारपर्यंत मुदत. नाहीतर तुरा सोडा.’

पेन्शनवर बसलेला माणूस दुसऱ्याच्या आज्याचा तुरा मागत होता, तोही इंटरनेटवरून शोधलेल्या शब्दावर.

वस्तादांना इंग्रजीतलं ओ की ठो येत नाही. चौथीत शाळा सुटली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली.

‘दिला जवाब,’ म्हणाले.

मी उडालोच. ‘वस्ताद, शब्द तरी कळला का?’

‘तू हायेस की.’

त्यांचा घसा तीन वर्षांपूर्वीच गेला होता. तेव्हापासून फडात गायचं मी.

मास्तर माझ्याकडे बघून हसले. ‘जालिंदर, कॉलेज सोडलंस तेव्हा वाटलं, निदान इंग्रजी तरी राहिलं असेल. बघू.’

ह्या माणसानं मला सहावीपासून दहावीपर्यंत शिकवलं. त्याचं ते ‘बघू’ मी पाच वर्षं खाल्लंय.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांच्या अंगणात मोबाईल काढून बसलो. कॉलेज सोडल्यावर दोन वर्षं मी रॅप करत होतो. कुठल्याही शब्दाची चाळीस यमकं काढून ठेवायची आणि मग ओळी त्यांच्या गळ्यात बांधायच्या, हे आपलं काम. त्यात मला कोणी शिकवावं असं मला वाटत नव्हतं.

वस्ताद डफ शेकत होते. अनसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, सुपात तांदूळ निवडत होती.

‘काय म्हनतोय मोबाईल?’

‘पक्कं जुळणारं काही नाही. जवळपासचे आहेत. फ्रंट, हंट, लंच, ब्रंच…’

‘ही चुलत.’

‘काय?’

‘सख्खी यमकं येगळी, चुलत येगळी. ही तर लांबची चुलत. लग्नात जेवायला येतील. मयताला न्हाई यायची.’

काकू सुपामागून हसली.

मला राग आला. ‘ऐका आधी. रात्रीच जुळवलंय.’ आणि मी उभा राहून चालू केलं, ‘तुम्ही मागं मागं, मास्तर, आम्ही उभे फ—’

वस्तादांनी तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

शेकोटीचा वास येत होता त्या हाताला. शेवटचा शब्द माझ्या दातांच्या आत राहिला.

वस्ताद काकूकडे बघत राहिले.

काकू तांदूळ निवडत राहिली.

‘पुढं काय, अनसा?’

‘मला काय ठावं? त्याच्या मोबाईलला इचारा.’

हात खाली आला. ‘पडलास,’ वस्ताद म्हणाले.

‘कसा काय पडलो? शब्द म्हणूच दिला नाहीत!’

‘शेवटचा शब्द तुझा नसतोच.’

‘मग कुणाचा?’

वस्तादांनी डफ उलटा केला आणि दुसरी बाजू शेकायला घेतली. म्हाताऱ्या माणसांचं हे असं असतं. नेमकं विचारलं की ऐकू येत नाही.

मी दुसरी ओळ म्हटली. पुन्हा हात. काकू गप्प. तिसरी ओळ. हात. काकूनं एक खडा काढून अंगणात फेकला. सात ओळी झाल्या. सात वेळा त्या हाताचा वास. आठव्यांदा मी मोबाईल ओट्यावर आपटला.

‘मला जमणार नाही. तुम्ही होय म्हणालात, तुम्हीच गा. घसा नाही तर नाही. तुरा तुमचा, माझा नाही!’



तेवढ्यात आतून शालन आली. वस्तादांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. एवढ्याशा अंगणाला तिला किती वेळ लागला! आम्ही तिघंही बघत राहिलो. लहानपणी हीच पोरगी मला पळण्यात हरवायची.

‘कितवा गं?’ मी विचारलं.

‘नववा मंथ लागला की रे,’ शालन म्हणाली. ‘डॉक्टरीणबाई म्हणल्या, कॅलेंडरावर खुणा करत जा.’

नववा मंथ. कुणी महिना म्हणत नाही आता. दवाखान्यातून तो शब्द घरोघर आलाय आणि चुलीशी बसलाय.

मी तिच्याकडे बघत होतो. तोंडातून आपसूक आलं, सुरातच आलं. ‘माहेराला लेक आली गं, चाल पडली…’

वस्तादांचा हात उठला. पण तोंडापर्यंत यायच्या आधीच मी थांबलो होतो.

काकूनं सुपातनं मान वर केली नाही. ‘संथ,’ म्हणाली.



‘हा सख्खा,’ वस्ताद म्हणाले. ‘त्याच्या घरी पोरका, आपल्याकडं भावकी निघाली त्याला.’

शालनच्याच बोलण्यातून दुसरी ओळ निघाली. मग तिसरीही बसली. वस्तादच म्हणाले, त्यांचे वडील त्यांच्या जन्माच्या वेळी देव्हाऱ्यापुढं पोथी उघडून बसले होते. चौथी मला लवकर सुचेना. मी चिडून म्हटलं, ‘पोर तुऱ्याच्या घरात जन्मणार, एवढं तरी नशीब. कलगीच्या घरात गेलं असतं तर मास्तरांसारखं झालं असतं.’

‘पोराला काय ठावं,’ काकू म्हणाली, ‘कलगी का तुरा?’

चौथी तिथून आली.

निघताना वस्तादांनी एकच विचारलं. ‘नागू मास्तर वर्गात शिकवायचा कसा?’

‘काय संबंध?’

‘सांग तर.’

‘अर्धं वाक्य बोलायचे आणि आमच्याकडे बघायचे. पुढचं पोरांनी म्हणायचं. दोन मोजेपर्यंत कुणी बोललं नाही की त्यांनाच राहवायचं नाही. स्वतःच उत्तर देऊन मोकळे. तपासणीला इन्स्पेक्टर बसला होता, तेव्हासुद्धा.’

‘हं…’

डोळे मिटून हसले. बाकी काही नाही.

*

दुपारी पार भरला. ऊन होतं. पंचांच्या डोक्यावर छत्र्या होत्या.

पंचांनी रीत वाचून दाखवली. सवाल-जवाब, खूण, आणि जुनं कलम : समोरच्या फडाच्या ओळीला ज्यानं झील दिली, म्हणजे ओळीचा शेवट त्याच्यामागं उचलून म्हटला, त्यानं हार कबूल केली.

मास्तर हे कलम जाणून होते. माणूस हुशार, ते नाकारत नाही. त्यांनी आपल्या सहाही झीलकऱ्यांच्या तोंडात पानाचे तोबरे भरायला लावले होते. गाल फुगलेले सहा जण ओळीनं बसलेले. बोलायची सोयच नाही. मास्तर स्वतः पान खात नाहीत. दातांना जपतात.

‘काय जालिंदर,’ मास्तर म्हणाले, ‘सापडला का शब्द? की इंग्लंडला पत्र टाकलंय?’

कलगीवाले पान सांभाळत हसले.

वस्तादांनी डफावर थाप मारली.

‘माहेराला लेक आली गं, चाल पडली…’

मी थांबलो. पारावर पाचशे माणसं. एक क्षण मला वाटलं, गेलो. मग बायकांच्या बाजूनं आलं.

‘संथ!’

अख्ख्या पारानं उचललं. ‘संथ!’

मास्तरांचं हसू जरासं कमी झालं.

‘कॅलेंडरावर खूण मारते, लागला नववा…’

‘मंथ!’

म्हाताऱ्या ओरडल्या. लेकुरवाळ्या ओरडल्या. इंग्रजीचा शब्द होता, पण पाठ करायची कुणालाच गरज पडली नाही. सगळ्यांच्या घरात कधी ना कधी लागलेला.

‘देव्हाऱ्यापुढं बाप बसला, उघडून जुना…’

‘ग्रंथ!’

आता गडीसुद्धा. पंचांतले दोघे. पोलीसपाटील. कलगीच्या एका झीलकऱ्याचे ओठ हलले, तसा शेजारच्यानं त्याला कोपर मारलं आणि त्याच्या सदऱ्यावर लाल शिंतोडा उडाला. पार खदखदला.

मास्तर उभेच होते. ताठ. ओठ मिटलेले.

एक ओळ उरली.

वस्तादांनी डफ थांबवला.

मला कळेना. ताल असा मधे कधी सोडत नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून गात राहा असं सांगितलं आणि आमच्या लोकांकडे वळले.

मी डफाशिवाय गायलो. ‘कलगी म्हणा वा तुरा म्हणा, बाळाला कसला…’

वस्तादांनी आपला तळहात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

आमच्या झीलकऱ्यांनी बघितलं. हात तोंडावर. बायकांनी बघितलं. पदर तोंडावर. सगळा पार, ओठांवर आलेला शब्द धरून, गप्प.

भैरोबाच्या घंटेला लोंबणारी दोरी हलताना दिसत होती, एवढी शांतता.

अर्धं वाक्य…

समोर मास्तर.

मी मनात मोजलं. एक…

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तेच डोळे. पाच वर्षं मी ज्यांच्यापुढे मान खाली घालून बसलो, ते.

दोन…

‘पंथ!’ मास्तर म्हणाले.

खणखणीत. वर्गात म्हणायचे तसं. आणि म्हणून झाल्यावर ‘एवढं साधं येत नाही?’ अशी मानही हलवली.

मग त्यांच्या ध्यानात आलं.

पार फुटला. टोप्या उडाल्या. तोबरे भरलेल्या सहा जणांनी एकदम पाठ वळवली आणि थुंकायला धावले. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो आठवत नाही, पण कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज सगळ्या गावाला एकाच वेळी ऐकू जात होता आणि कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.

वरून मला दिसलं. मास्तर कलगी सोडत होते. गाठ जुनी होती. त्यांना वेळ लागला. कुणाची मदत घेतली नाही. चालत आले, वस्तादांच्या डफावर ठेवली.

‘बाबजी,’ म्हणाले, ‘चौथी ओळ चांगली होती.’

वस्तादांनी दोन्ही हातांनी नमस्कार केला. मास्तर गर्दीतून निघून गेले. त्यांना वाट करून दिली लोकांनी.

परत जाताना डफ माझ्या खांद्यावर होता. तुरा आणि कलगी एकमेकांवर आपटत होती. मी अजून उड्या मारत होतो.

‘वस्ताद! चुकला की नाही मास्तर? सगळ्या गावासमोर चुकला!’

वस्ताद थांबले. घसा खाकरला.

‘चुकला कुठं? जवाब बरोबर दिला त्यानं… कलगी गेली.’