कोरी बाटली

काळ्या खडकाच्या आडोशाला वसलेल्या एका गावात केरबा नावाचा पाणीपारखी राहत असे. पंचक्रोशीतली माणसं आपापल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून त्याच्या प्रयोगशाळेत आणत. पाण्यात सोमलाचं विष तर नाही ना, हे तो पाहून देई. पाण्यात औषध टाकायचं, बाटलीच्या तोंडावर मसाला लावलेला कागद बांधायचा आणि वाट पाहायची. सोमल असला तर कागद पिवळा पडतो, फार असला तर तपकिरी.

"बाकीच्या बाटल्यांबरोबर दर वेळी एक कोरी बाटली लाव," असं त्याच्या गुरूनं बजावलं होतं. "तिच्यात वाफ थंड करून धरलेलं निर्मळ पाणी घाल. तिच्या कागदाशी बाकीचे कागद ताडून बघ."

पण वाफ धरायची म्हणजे केवढा खटाटोप! केरबाच्या तर दारातच वाडवडिलांची विहीर होती; सारं गाव तिचंच पाणी पीत असे. पाणी नितळ, चवीला गोड. त्याहून निर्मळ ते काय असणार? केरबा कोऱ्या बाटलीत तेच पाणी भरू लागला. तिचाही कागद रंगे, पण तो औषधाचाच रंग असणार, असं तो धरून चाले. लोकांचा कागद तिच्या कागदाहून गडद दिसला नाही, की तो सांगे, "पाणी निर्दोष. खुशाल प्या." दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

गाव मात्र विचित्र होतं. विहिरीत बेडूक नव्हता. चिमण्या काठावर बसत, आत डोकावत आणि न पिताच उडून जात. गावातल्या सगळ्यांच्या तळहातांवर काळे ठिपके होते. सगळ्यांनाच होते, म्हणून ते कुणाला खुपत नसत. उलट लेकराच्या हातावर पहिला ठिपका उमटला, की पोर गावच्या पाण्याला लागलं म्हणून घरात गूळ वाटत. चाळिशीतच कित्येक माणसांच्या पायांतली जाणीव जाई. ती अंथरुणाला खिळत आणि मरत. "आमच्याकडं असंच असतं," म्हणत लोक तिरडी बांधत.

एकदा विहिरीतला गाळ उपसायला काढला. म्हणून केरबाची सून सुगंधा हिनं आधणाची वाफ झाकणावर धरून कोरी बाटली भरून दिली. दुपारी केरबानं कागद सोडवले. सगळे पिवळे पडले होते. कोऱ्या बाटलीचा तेवढा पांढराशुभ्र.

"सुगंधा, पाणी कसलं भरलंस? बिघडलंय हे!"

"वाफेचं आहे, मामंजी. त्यात काय बिघडणार?"

केरबा घागरीकडे वळला. घागरीत विहिरीचं पाणी शिल्लक होतं. त्यानं ते तपासायला लावलं. त्याचा कागद सगळ्यांत गडद झाला, अगदी तळहातावरच्या ठिपक्यासारखा. केरबाला उमगलं. आजवर तो पंचक्रोशीला एवढंच सांगत आला होता, की तुमचं पाणी माझ्या विषाहून वाईट नाही.

हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कागद शेगडीत टाकला आणि कोऱ्या बाटलीत पुन्हा विहिरीचं पाणी भरलं, की सगळं पूर्वीसारखं चालणार होतं. त्याचा हात शेगडीकडे गेलाही.

तेवढ्यात त्याची नात इंदू नाचत आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

"आजोबा, मला ठिपका आला! आजी गूळ वाटतेय!"

केरबानं पेला हिसकावून ओतून दिला. इंदूला कडेवर घेऊन तो चावडीसमोर जाऊन उभा राहिला.

"माझी पारख खोटी होती. विष माझ्याच विहिरीत आहे. पिऊ नका रे कुणी! हात बघा आपापले!"

मग एकेकानं मूठ उघडली. रोजचेच ते ठिपके, पण लोक ते जन्मात पहिल्यांदा पाहत होते. गर्दीत कुणीतरी तोंडातला गूळ थुंकून टाकला.

तात्पर्य: ज्या मापानं जगाला मोजतो, ते माप आधी तपासावं. सगळ्यांच्या अंगवळणी पडलं, म्हणून विष काही पाणी होत नाही.