राष्ट्रपती केरबा आणि पुलाचा कागद

साळगड नावाच्या चिमुकल्या देशात केरबा नावाचा एक भोळा कुंभार होता. बुधवार होता. केरबा अंगणात माती तुडवत होता. तेवढ्यात बातमी आली, की तो राष्ट्रपती झाला आहे.

झालं होतं असं, की विधिमंडळातल्या दोन पक्षांचं तीन दिवस एकाही नावावर जमेना. शेवटी कुणालाच ज्याची भीती नाही असा एकच माणूस देशात सापडला.

केरबाने पाय धुतले आणि तो राजवाड्यात राहायला गेला.

पंतप्रधान होत्या द्वारकाबाई. वाकी नदीला पूर आला असताना त्यांची लेक बाळंतपणासाठी पलीकडच्या दवाखान्यात निघाली होती. होडी मिळाली नाही, लेक काठावरच दगावली. त्याला अकरा वर्षं झाली. द्वारकाबाई राजकारणात आल्या त्या एका पुलासाठी. पुलाचा कायदा विधिमंडळात मंजूर होत आला होता. पण विधिमंडळाची मुदत महिन्याभरात संपणार होती. त्याआधी राष्ट्रपतींची सही झाली नाही, तर कागद रद्द.

द्वारकाबाईंनी केरबाला समोर बसवलं.

"हे बघा केरबा, राज्य तुमच्या नावानं चालणार. चालवणार आम्ही."

"मग मी काय करू?"

"सही. आमच्या सल्ल्याशिवाय काही करायचं नाही."

"बरं, बाई."

दोन दिवसांनी राजवाड्यातून निरोप आला, की राष्ट्रपती जेवले नाहीत. द्वारकाबाई धावत आल्या.

"अहो, जेवत का नाही?"

"सल्ला आला नाही."

"जेवायला कसला सल्ला? घरातलं तुमचं तुम्ही ठरवायचं!"

"असं सांगा की."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या देशाचे राजे पाहुणे आले. पंचवीस पदार्थांचं जेवण झालं. केरबा म्हणाला, "राजे, आमच्यात ज्याचं ताट त्यानं घासायचं." राजांनी घासलं. परत जाताना त्यांनी सीमेवरचं फाटक लावून घेतलं.

"पाहुण्याला भांडी घासायला लावलीत?" द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला.

"घरातलं मी ठरवलं."

"मनाला येईल ते ठरवू नका! तुम्हाला अधिकार एकच. आलेली गोष्ट एकदा परत पाठवता येते. तीच दुसऱ्यांदा आली, तर मान्य करावीच लागते. घटनेत लिहिलंय तसं."

"हे सोपं आहे," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुलाचा कागद आला. केरबाने तो परत पाठवला.

"का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"अधिकार आहे म्हणालात. वापरला नाही तर वाया जाईल."

कागद पुन्हा विधिमंडळात ठेवायचा, पुन्हा भाषणं ऐकायची, पुन्हा हात वर करायचे. त्यात पंधरा दिवस गेले.

त्या पंधरा दिवसांत राजवाड्यात एक चोर आला. भरदुपारी. तांब्याचं घंगाळ उचलून निघाला. केरबाने त्याला हटकलं, घंगाळ ठेवून घेतलं आणि त्याला परत पाठवलं. तासाभराने चोर पुन्हा आला. केरबाने घंगाळाला स्वतः हात लावून ते त्याच्या डोक्यावर चढवून दिलं.

"साहेब, चोर आहे तो!" पहारेकरी ओरडला.

"असू दे. दुसऱ्यांदा आलाय."

द्वारकाबाईंना हसावं की रडावं कळेना. "केरबा, एकदा परत पाठवलेला पुन्हा दारात दिसला, की पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्याच दिवशी पुलाचा कागद पुन्हा दारात आला. केरबाने तो पोलिसांच्या ताब्यात दिला. कागद आणणारा कारकूनही दिला.

कारकून जामिनावर सुटला. कागद सुटेना. त्याच्या नावानं जामीन राहायला कुणी तयार नव्हतं. अखेर विधिमंडळाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता, द्वारकाबाईंनी स्वतः चौकीत जाऊन तो सोडवला आणि राजवाड्याकडे निघाल्या.

राष्ट्रपतींचे सचिव भालेराव यांनी त्यांना खिडकीतून येताना पाहिलं. ते घाईघाईने केरबाकडे गेले.

"साहेब, बाई फार चिडल्यात. आता डोकं चालवू नका. त्या जो कागद पुढे ठेवतील, त्यावर आधी सही. बोलणं मागाहून."

"आधी सही, मागाहून बोलणं," केरबाने घोकलं.

द्वारकाबाई आत आल्या. त्यांच्या हातात दोन कागद होते. चौकीतली धूळ अजून पदरावर होती. त्यांनी वरचा कागद टेबलावर आपटला.

"हा माझा राजीनामा. पुलावर आज सही होणार नसेल, तर..."

केरबाने सही केली.

"झाली," केरबा म्हणाला. "आता बोला, बाई."

द्वारकाबाई खुर्चीत बसल्या. केरबाने त्यांच्या हातातला दुसरा कागद आपणहून ओढून घेतला आणि लेखणी शाईत बुडवली. भालेरावांनी त्याचा हात धरला.

"साहेब, आता नाही करता येणार. राजीनामा मंजूर झाला. पंतप्रधान गेल्या, की मंत्रिमंडळ गेलं. सही करा म्हणून सल्ला देणारं आता कुणी नाही."

केरबाने द्वारकाबाईंकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाईचा चेहरा बघून त्याला फार वाईट वाटलं.

"असं कसं?" तो भालेरावांवर डाफरला. "बाईंचं काम अडलंय. पळा, पंतप्रधानांना बोलावून आणा!"

सहा वाजता विधिमंडळाची मुदत संपली. वाकी नदीवर पूल झालेला नाही.