टिटवीची खूण

"पण बुवा, मी तर राखण केली होती! मग अंडी गेली कशी?"

खेरमास्तर भर सड्यावर, उघड्या कातळावर, उभे राहून ओरडत होते. पायाशी नुसती टरफलं. डोक्यावर टिटवी किंचाळत घिरट्या घालत होती.

हे मास्तर मोठे पक्षीवाले. तीनशे आठ पक्षी बघून झालेले. गळ्यात दुर्बीण, अंगात दहा खिशांचं जाकीट. बाबलबुवा समुद्राकाठच्या या कातळावर वीस वर्षं राहतात, शेजारी नाचणी पेरतात, पाखरांचं सगळं त्यांना कळतं, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून मास्तर शिष्य व्हायला आले. आले काल, आणि दिवस मावळायच्या आत टिटवीची अंडी शोधून काढली. आज सकाळी मोठ्या दिमाखात गुरूलाच दाखवायला घेऊन आले, तर ही दशा!

बुवा कपाळाला हात लावून खाली बसले.

"राखण म्हणजे काय केलंस रे बाबा?"

"चार पांढरे दगड रचले. वर लाल फडकं. कुणाचा पाय पडू नये म्हणून. आणि… मला पुन्हा सापडावीत म्हणून."

"म्हणजे लांबून दिसावं म्हणून."

"माणसांना!"

"कावळ्यांना सांगितलंस का तसं?"



बुवा पुटपुटत उठले. "तीनशे आठ म्हणे!" एकेक दगड उचलून चार दिशांना भिरकावला. फडकं मास्तरांच्या खिशात कोंबलं.

"चुकलं माझं, बुवा. पण दुसरी जोडी आहे ना? तुमच्या बांधाकडे ओरडते ती. तिची अंडी दाखवा. खूण करणार नाही. शप्पथ."

"मला ठाऊक नाही."

"थट्टा करता का? रोज तिकडूनच जाता!"

"रोज वाट बदलून जातो. पायवाट पडली तर तीसुद्धा खूणच."

एवढ्यात बांधाकडची टिटवी ओरडली. मास्तरांचा हात दुर्बिणीकडे गेला. बुवांनी मात्र तिच्याकडे पाठ फिरवली आणि सरळ करवंदीच्या जाळीत घुसले. मास्तर मागोमाग. जाकीट काट्यात अडकलं, टर्रकन फाटलं.

मास्तर वैतागले.

"अहो, वीस वर्षांत एकदाही बघितली नाहीत? कुठे आहेत तेसुद्धा माहीत नाही? मग इथे राहून शिकलात तरी काय?"

बुवा थांबले. मागे वळले नाहीत.

"तेवढंच. त्यालाच वीस वर्षं लागली."