उंबराखालची मोटार

नदीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्याकडे विभाकर नावाचा तरुण शिष्य पाच वर्षांपासून विद्या घेत होता. नाडीपरीक्षा त्याच्या बोटांत उतरली होती, निदान सहसा चुकत नव्हते, आणि गावातले लोक त्याला आता 'धाकटे वैद्य' म्हणू लागले होते. गुरूंना मूलबाळ नव्हते. दवाखाना पुढे विभाकरच चालवणार, हे कोणी न बोलताही सर्वांना ठाऊक होते.

वैद्यबुवांच्या अंगणात एक काळी मोटार उभी असे. एका गूळव्यापाऱ्याची अंथरुणाला खिळलेली आई त्यांच्या उपचाराने उठून चालू लागली, तेव्हा त्याने ती मोटार त्यांना आग्रहाने देऊन टाकली होती. दूरच्या वस्त्यांवरचे रुग्ण पाहायला ते तिच्यातून जात. अंगणात एक मोठा उंबर होता. फळे पिकली की त्याच्यावर साळुंक्या, बुलबुल आणि हरियल यांची दाटी होई, आणि खाली मोटारीवर त्यांची विष्ठा पडे. फांद्या छाटून टाका, असे व्यापाऱ्याने एकदा सुचवलेही. वैद्यबुवा त्याला म्हणाले की पाखरे मोटारीच्या आधीपासून इथे राहतात. मग ते स्वतःच मोटार दहा पावले दूर, पत्र्याच्या छपराखाली ठेवू लागले. अधूनमधून तिच्यावर मेणाचा पातळ हात फिरवत. एवढे करूनही कुठे शिंतोडा दिसलाच, तर ते हातातले काम थांबवत, तांब्याभर पाणी आणि मऊ फडके घेऊन बाहेर जात, आणि तो डाग ओला असतानाच उचलून घेत.

विभाकरला याचे नवल वाटे. दोन धोतरांवर वर्ष काढणारा हा विरक्त माणूस, आणि पत्र्याच्या रंगावर एवढा जीव! अर्थात त्याने हे कधी बोलून दाखवले नाही.

वैशाखातली गोष्ट. सकाळची वेळ होती आणि दवाखाना माणसांनी भरला होता. एक बाई पुडी परत घेऊन आली. नेहमीच्या शतावरीची चव ही नव्हे, असे तिचे म्हणणे होते. विभाकरने पुडी उघडून वास घेतला. आत अश्वगंधा होती. बाईला काही अपाय झाला नव्हता, पण चार लोकांत आपले औषध चुकीचे निघाले, या कल्पनेनेच त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

पुड्या बांधण्याचे काम शेळके करत. अठ्ठावीस वर्षे ते याच दवाखान्यात औषधे कुटत, चाळत आणि जोखत आले होते. विभाकर त्यांच्याकडे वळला.

"अठ्ठावीस वर्षं कुटताय, शेळके. अजून चूर्ण ओळखता येत नसेल तर घरी बसा."

शेळक्यांनी मागच्या फळीवरची बरणी उतरवली, झाकण काढले, क्षणभर बरणीकडे पाहिले. मग "बदलून देतो," एवढेच म्हणून त्यांनी नवी पुडी बांधून दिली.

दुपारी रुग्ण गेल्यावर विभाकरने ती बरणी स्वतः खाली घेतली. बरणीवरची चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली होती. आठवड्यापूर्वी बरण्या भरताना दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल त्याच्याच हातून झाली होती. शेळक्यांनी फक्त त्याच्या अक्षरावर विश्वास ठेवला होता.

त्याने त्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि नव्या लिहून लावल्या. संध्याकाळी शेळक्यांना सांगायचे, असे ठरवले. संध्याकाळी माणसे होती. दुसऱ्या दिवशी शेळके नेहमीप्रमाणे आले, नेहमीप्रमाणे खल घेऊन बसले, आणि विभाकरला वाटले, कदाचित ते विसरलेही असतील. आता उगाच विषय कशाला उकरायचा? चौथ्या दिवशी गुडघा दुखतो असा निरोप आला आणि शेळके आले नाहीत. पाचव्या दिवशीही नाहीत.

याच दिवसांत वैद्यबुवांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. पुडीच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच सकाळी त्यांनी मोटार छपराखालून काढली आणि उंबराखाली, जिथे दुपारी ऊन येई अशा बाजूला, नेऊन उभी केली. दुपारपर्यंत बॉनेटवर एक मोठा शिंतोडा पडला. विभाकर तांब्या घेऊन निघाला, तेव्हा गुरू म्हणाले, "राहू दे."

तो डाग राहिला. ऊन तापे, पत्र्याला हात लावता येत नसे, रात्री तो निवे, सकाळी पुन्हा तापे. विष्ठा वाळून खडूसारखी पांढरी झाली. जाता-येता विभाकरची नजर तिथे जाई आणि त्याला कसेसेच होई. दोनदा त्याने विचारले. दोन्ही वेळा गुरूंनी मान हलवून नकार दिला.

नवव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आज काढ."

विभाकर इतका आतुर झाला होता की त्याने कोरड्याच फडक्याने जोर लावला. करकर असा आवाज आला. विष्ठेत उंबराच्या बिया होत्या, रेतीसारखे कण होते. त्यांचे बारीक ओरखडे काळ्या रंगावर उमटले. वैद्यबुवांनी त्याचा हात धरला. कोमट पाण्यात फडके भिजवून त्याची घडी त्या जागेवर अलगद ठेवली आणि ते पायरीवर जाऊन बसले. विभाकरही बसला. पाव घटका गेली. मग गुरूंनी घडी उचलली. तिच्याबरोबर सगळी घाण निघून आली, घासावे लागलेच नाही. खाली मात्र रुपयाएवढा मंद, खरबरीत डाग होता. बाकीच्या बॉनेटमध्ये उंबराच्या पानांचे प्रतिबिंब दिसत होते, त्या जागी काहीच दिसत नव्हते. विभाकरने मेण लावून पाहिले. डाग जसाच्या तसा.

"आता हा जाणार नाही," वैद्यबुवा म्हणाले. "पाखराची विष्ठा आम्लधर्मी असते. पण पहिल्या घटकेत ती काही बिघडवत नाही, पाण्याने निघते. बिघडवतो तो काळ. उन्हात रंग मऊ होतो आणि फुगतो, रात्री आकसतो, आणि त्या घाणीला आपल्या अंगाशी घट्ट धरून बसतो. रोज थोडी अधिक आत घेतो. मग माणूस जागा होतो आणि कोरड्या हातानं खरवडायला लागतो. ते ओरखडे पाखराचे नव्हेत, आपले."

वैद्यबुवांनी हातातले फडके पिळले.

"बरण्यांवरच्या नव्या चिठ्ठ्या मी त्याच संध्याकाळी पाहिल्या, विभाकर. जुन्या केराच्या टोपलीत होत्या, त्याही तुझ्याच अक्षरातल्या. तू आपण होऊन जाशील म्हणून मी थांबलो. शेळक्यांना नऊ दिवस ऊन लागलं, त्यातलं अर्धं माझ्यामुळे. मला ते धुवायचं आहेच. तुझं तू बघ."

विभाकर उठला. अंगरखाही न बदलता तो शेळक्यांच्या घरी गेला. शेळके ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. गुडघ्याला पट्टी नव्हती. विभाकरने बसण्याआधीच सांगितले की चिठ्ठ्या त्याने चुकवल्या होत्या, आणि हे त्याला त्याच दुपारी समजले होते.

शेळक्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "ते मला तेव्हाच दिसलं होतं, धाकटे वैद्य. बरणी उतरवली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"खोलीत माणसं होती. तुमचं नाव आत्ता कुठे होतंय. लोकांचा विश्वास उडाला तर तुमचं औषध कुणाला लागू पडणार? माझं काय, मी चूर्ण कुटणारा माणूस." त्यांनी कातरलेली सुपारी त्याच्यापुढे सरकवली. "मला वाटलं, संध्याकाळी एकट्यात बोलाल. रोज वाटत होतं."

विभाकरला रडू आले नाही. आले असते तर बरे झाले असते. त्याने त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायची विनंती केली. लोकांसमोर काही बोलायची गरज नाही, असे शेळके परोपरीने सांगत राहिले. विभाकर म्हणाला, "जिथं बोललो, तिथंच परत घेतो."

दुसऱ्या सकाळी भरल्या खोलीत तो उभा राहिला. चूक आपली होती, दोष शेळकेकाकांना दिला, आणि कळल्यावरही दहा दिवस गप्प बसलो, असे त्याने तीन वाक्यांत सांगितले. वैद्यबुवाही उठले आणि म्हणाले की हे जाणून आपणही गप्प होतो. शेळके मान खाली घालून तराजूचे पारडे पुसत राहिले. मग ओळीतली पहिली म्हातारी पुढे सरकली, आणि तिने नाडी पाहण्यासाठी आपला हात धाकट्या वैद्यापुढे धरला.

शेळके पुन्हा कामावर येऊ लागले. त्यांच्या बोलण्यात आढी नव्हती. पण त्या दिवसापासून एकही पुडी त्यांनी विभाकरला दाखवल्याशिवाय दिली नाही. बांधण्याआधी ते कागद त्याच्यापुढे धरत आणि हळूच म्हणत, "बघून घ्या." याची गरज नाही, असे विभाकर एकदाही म्हणाला नाही. शेळके होते तोवर, प्रत्येक वेळी, हातातले काम थांबवून तो बघत राहिला.

ज्याला कुणाकडे जायचे आहे, त्याने ऊन चढण्याआधी निघावे.