तुळ्याने वळवलेली रेघ

एका डोंगराखाली एक गाव होतं आणि त्या गावातल्या पोरांना यंत्रमाणसं बनवायचं वेड लागलं होतं. घराघरातले तेलाचे डबे नि जुन्या पंख्यांच्या मोटारी गायब व्हायच्या, आणि आया पोरांच्या नावानं बोटं मोडायच्या.

त्यात दोन कारागीर नावाजलेले. एक तुळ्या, दुसरी कौशी. तुळ्याच्या यंत्राचं नाव पैलवान. डबा मोठा, आवाज त्याहून मोठा, चाल मात्र नव्या नवरीची. कौशीची ठमी दिसायला बेतास बात. पण तिच्या पोटाखाली एक डोळा होता. जमिनीवर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ दिसली की ती तिच्यावरून तुरुतुरु सुटायची. पैलवानही रेघेवरूनच चालायचा, पण मनात आलं तर.

दसऱ्याच्या सुट्टीत गुरुजींनी सगळ्यांना डोंगरावरच्या रानात नेलं, तिथे तळ ठोकला आणि पैज लावली. झऱ्यापासून तळापर्यंत ज्याचं यंत्र पाण्याची कळशी न सांडता आणेल, तो जिंकला. सकाळच्या उन्हात दोघांनी शेजारी शेजारी आपापल्या रेघा आखल्या. नियम एकच होता, म्हणजे खरं तर दोन. यंत्र पुढे, माणूस मागे. आणि दुसऱ्याच्या रेघेला कुणी हात लावायचा नाही.

तुळ्याने हात लावला नाही, पाय लावला. सगळे भाकरी खायला बसले तेव्हा त्याने वळणावरची कौशीची रेघ पायाने पुसली आणि नव्या फक्कीने ती कारवीच्या झुडपांकडे वळवली. बरोबर त्याचा जोडीदार नाम्या होता.

"तिकडं काय आहे रे?" नाम्याने विचारलं.

"कारवी. आणखी काय असणार, तुझी मामी? ठमी अडकेल, कळशी सांडेल, आपण हसू. संपलं."

कारवीच्या पलीकडे काय आहे ते बघायला मात्र तो गेला नाही. हसायची घाई झाली की माणूस एवढं बघत नाही.

जेवणं झाली, यंत्रं सुटली. ठमी पुढे, पैलवान मागे कुरकुरत. ठमी वळणाशी पोचायला आणि दरीतून धुकं वर यायला एकच गाठ पडली. बघता बघता हाताचं बोट दिसेना.

तळावरून गुरुजी ओरडले, "पोरांनो, घाबरू नका. आपापली रेघ सोडू नका म्हणजे झालं."

"ठमे, चल गं बाई," कौशीचा आवाज आला. "तुझ्याच भरवशावर आहे मी."

तेवढ्यात वाऱ्याने धुकं जरासं फाटलं. तुळ्याला कारवी दिसली. कारवीच्या पलीकडे जमीन नव्हती. नुसतं आभाळ होतं. मग धुकं पुन्हा मिटलं.

नाम्याने त्याचा सदरा ओढला. "तुळ्या, सांग ना तिला."

तुळ्याने तोंड उघडलं. पण ओरडलं तर गुरुजी विचारणार, तुला कसं रे ठाऊक? "थांब जरा," तो पुटपुटला. "ती बघेल की."

आणि डब्याचा आवाज आला. दगडावर आपटत, खाली, आणखी खाली. मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने, निदान तुळ्याला तरी तसं वाटलं, कौशीचा कापरा आवाज आला.

"तुळ्या, नाम्या, जिथं आहात तिथंच थांबा रे. पुढं येऊ नका. इथं कडा आहे. ठमी पुढं होती म्हणून मी वाचले. रेघ आखताना माझंच काहीतरी चुकलंय."

तिने दोन मुस्काटात लावल्या असत्या तर त्याने सुखाने खाल्ल्या असत्या. हे ऐकवेना.

"तुझं नाही चुकलं," तो म्हणाला. इतक्या हळू, की नाम्यालाच ऐकू गेलं. म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं. मग तळावरून गुरुजींनी "काय म्हणतोयस रे?" विचारलं, म्हणून तिसऱ्यांदा, साऱ्या रानाला ऐकू जाईल असं. मघाशी न फुटलेला सगळा आवाज त्याला तिथे खर्चावा लागला.

धुकं निवळलं. गुरुजींनी मारलं नाही. कौशी रडली नाही. कड्यापासून लांब उभी राहून ठमी जिथं नाहीशी झाली तिकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तुळ्याने पैलवान उस्कटला आणि त्याची मोटार नि चाकं कौशीच्या दारात नेऊन ठेवली.

कौशीने चाकं उचलली. "मोटार ने परत," ती म्हणाली. "मला चालणारी हवी."

तुळ्याला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग त्याचं हसू विरलं.

नवी ठमी झाली, पुन्हा रानात गेली. कौशीने रेघ आखली. मग यंत्र सोडण्याआधी ती झऱ्यापासून तळापर्यंत ती सगळी रेघ पुन्हा एकदा स्वतः चालून आली. अशी ती पूर्वी कधी चालायची नाही. कुणी तिला कारण विचारलं नाही. तिची फेरी संपेपर्यंत तुळ्या आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत उभा होता.

तात्पर्य: थट्टा खुशाल करा, बाळांनो आणि बाळांच्या बापांनो, पण दुसरा ज्या वाटेवर विश्वासाने पाय टाकतो ती वाट वळवू नका. आणि वळवलीच, तर ओरडायला उशीर करू नका.