तहानलेला मोगरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्या गावाचं नाव सांगणारंही आज कुणी उरलेलं नाही. पण मोगरा अजून तसाच फुलतो आणि माणसंही तशीच आहेत, तेव्हा नावावाचून आपलं काही अडत नाही.

त्या गावाच्या टेकडीवर एक देवी होती. दर चैत्री पौर्णिमेला तिला मोगऱ्याच्या कळ्यांची वाडी चढे. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, पायांतले तोडे, सगळे दागिने कळ्यांचे. या कळ्या बाजारच्या चालत नसत, चार घरांतून गोळा केलेल्याही चालत नसत. एकाच घरानं आपल्या परसात फुलवलेल्या हव्यात, असा रिवाज होता. ज्या घराकडे हा मान, त्याच घराकडे देवीच्या नावानं दिलेली परसबाग. लागोपाठ तीन वर्षं वाडी अपुरी पडली, तर मान जाई आणि मानाबरोबर बागही जाई.

आवडाच्या सासरी हा मान पाच पिढ्यांचा. तिच्या सासूनं, ठकूबाईनं, तीस वर्षं तो सांभाळला आणि एकही चैत्र चुकू दिला नाही. मग गुडघे कुरकुरू लागले, तशी तिनं बाग सुनेच्या हाती दिली. मुलगा बैल घेऊन दूरदूरच्या बाजारांना जाई, वर्षातले आठ महिने बाहेरच. घरात या दोघीच.

आवडानं झाडांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याच साली परसात नवी विहीर खोदली होती आणि तिला बारमाही पाणी लागलं होतं. आवडा रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शेंदून पाट भरून सोडी. झाडं अशी माजली, की पानांआड कुंपण दिसेना. येणारा-जाणारा थांबून म्हणे, "वा! बाग असावी तर अशी!"

आणि फुलं? पहिल्या चैत्रात मुकुट आणि एक बाजूबंद झाला, तिथंच कळ्या संपल्या. दुसऱ्या चैत्रात तर मुकुटही पुरा होईना.

टेकडी उतरताना बायका कुजबुजल्या, पण आवडाला ऐकू जाईल अशा बेतानं. "सून पांढऱ्या पायाची, दुसरं काय!"

ठकूबाई मात्र वाकडा शब्द बोलली नाही. तिनं नुसता सुस्कारा टाकला. "तुझ्या मेहनतीत काय कमी हाय गं? देवीच रुसली म्हनायची." आवडाला हे शिव्याशापांपेक्षा जास्त लागलं. बाग गेली तर म्हातारी त्या दुःखानंच जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

त्या दिवशी घरी येऊन ती बागेच्या पार टोकाला जाऊन बसली. तिथं कुंपणापलीकडे, खडकाळ जागेत, मोगऱ्याचं एक उपरं झाड होतं. पाटाचं पाणी तिथवर पोचत नसे. पौषात शेजारच्या गोदूबाईच्या शेळीनं ते बुंध्यापर्यंत खाऊन टाकलं होतं, तेव्हा आवडानं त्याचा नाद सोडला होता आणि पुन्हा तिकडं पाहिलंही नव्हतं. आज पाहते तो काय! पानं मोजकीच, पण झाड कळ्यांनी लगडलेलं.

आवडा कितीतरी वेळ त्या झाडापुढं उकिडवी बसून राहिली. मग उठली ती तडक सासूकडे आली.

"आत्याबाई, तुमच्या येळंला झाडास्नी पौषात पानी असायचं का?"

"कुठलं गं! एकच हीर, तिचं सारं पानी मार्गशीर्षापास्नं गव्हाला जायचं. माघात गव्हाचं पानी तुटलं, का मग झाडांची पाळी."

"आनि तवा आपल्या शेळीला चारा?"

"त्याची तर रडच. पौषात मोगऱ्याच्याच फांद्या तोडून टाकायचे तिच्यापुढं. पार बोडकी व्हायची बिचारी झाडं." ठकूबाई हसली. "ते दिस नगं आठवू."

आवडा हसली नाही. तीस वर्षं बाग कशानं फुलली, हे बाग फुलवणारीलाच ठाऊक नव्हतं! "आत्याबाई," ती म्हणाली, "औंदा मी झाडास्नी तहानलेली ठेवनार."

पावसाळा सरला, मार्गशीर्ष लागला आणि आवडानं बागेचा पाट मातीनं बुजवून टाकला. आठ-पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, मग गळू लागली. पौषात तिनं कोयता घेतला आणि एकेक झाड गुडघ्याएवढं छाटलं. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उन्हाला उघडी केली. दोन वर्षं जिथं हिरवंगार रान होतं, तिथं आता नुसती खुंटं उभी राहिली.

मग काय, गावाला विषयच मिळाला. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं! गोदूबाई तर कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय गं आवडे, माझ्या शेळीला गुरू केलंस म्हनं?"

"शिकवनारं कुनी का असंना, वैनी," आवडा म्हणाली आणि वाकून पुढच्या झाडाला लागली.

टेकडीवरचे म्हातारे गुरवबाबा काठी टेकत आले. बाग पाहून ते म्हणाले, "पोरी, हे तिसरं वर्ष. वाडी चुकली तर मला गप बसता यायचं न्हाई."

"चुकली तर बागेचं कवाड मी माझ्या हातानं उघडून दीन, बाबा."

बोलली खरी, पण भीती काय तिला वाटत नव्हती? रोज सकाळी ती उठून बागेत जाई आणि एखाद्या खुंटाची साल नखानं जराशी खरवडून पाही. आत हिरवं दिसलं, की तिच्या जिवात जीव येई. मग दिवसभर कुणी काही बोललं तरी तिला ते सोसवे.

एके दुपारी ती वैरणीचा भारा घेऊन आली, तर ठकूबाई दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत बागेत पोचलेली. हातात तांब्या. तिचा मुलगा जन्मला त्या साली तिनं लावलेलं झाड होतं, त्याच्या मुळाशी ती पाणी ओतणार एवढ्यात आवडानं तिचा हात धरला.

"एवढ्याला तरी पिऊ दे गं," म्हातारी रडू लागली. "लेकरावानी वाढवलंय. माझ्या डोळ्यांदेखत तहानेनं मरतंय."

आवडाच्याही डोळ्यांतून पाणी आलं. तांब्या घ्यावा आणि आपणच ओतावा, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं. पण तिनं तो बाजूला ठेवला, खुंटाची साल खरवडली आणि सासूचं बोट त्या ओलसर हिरव्यावर टेकवलं. "मेलं न्हाई, आत्याबाई. बगा."

ठकूबाईनं पाहिलं. मग तिनं आपली बाज ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून बाग दिसत नसे.

माघ लागला. थंडी सरू लागली तशी आवडानं मुळांशी शेणखत घातलं, माती ओढली आणि पाट मोकळा केला. आठ दिवस काहीच झालं नाही. दहा दिवस झाले. गावानं नव्या मानकऱ्याचं घरही मनात ठरवून टाकलं. बाराव्या दिवशी एका खुंटाला तांबूस कोंब दिसला, आणि मग रोज इतके कोंब फुटू लागले की मोजायला सवड उरली नाही. फाल्गुनात पानं आली. आणि चैत्र उजाडला तो फांदीफांदीच्या शेंड्याला तीन-तीन, पाच-पाच कळ्या घेऊनच!

पौर्णिमेच्या पहाटे दोघी कळ्या खुडायला बसल्या. गुडघे विसरून ठकूबाई या झाडावरून त्या झाडाकडे जात होती. मुकुट झाला, बाजूबंद झाले, कंबरपट्टा झाला, पायांतले तोडे झाले, तरी दोन टोपल्या कळ्या उरल्या. बायका गजरे मागायला आल्या, तेव्हा पहिला गजरा आवडानं गोदूबाईच्या केसांत माळला. गोदूबाईला मान वर करवेना.

गुरवबाबांनी रिवाजाप्रमाणे मानाचा नारळ ठकूबाईपुढं धरला. तिनं तो घेतला नाही. सगळ्या गावासमोर ती म्हणाली, "तीस वर्सं मला वाटलं, माझ्या हाताला गुन हाय. गुन तहानेचा हुता, बाबा. मला तर पानीच पुरत नव्हतं. हिच्यापाशी हीर भरलेली हुती, तरी हिनं हात आवरला. नारळ हिला द्या."

आवडानं पदर पुढं केला.

तेव्हापासून गावातल्या बायका या मोगऱ्याची कलमं मागायला येऊ लागल्या. ठकूबाई कुणाला नाही म्हणत नसे, पण कलम देताना एवढं विचारून घेई, "बाई, पौषात ह्येची दया येईल. तवा हात बांधून बसायला जमंल का?" निम्म्या बायका तिथंच विचारात पडत.

तात्पर्य : ज्याला फुलवायचं, त्याला वेळेवर ताणही सोसू द्यावा, नुसत्या लाडानं पानंच माजतात.